रोटरी एंजिन आणि यंत्रकामाचे शिक्षण

आपल्या नेहमीच्या मोटारीच्या एंजिनात दट्ट्ये खालीवर होतात, झडपा उघडतात व मिटतात, आणि ही सरळ रेषेतील धावपळ चाकाच्या फिरतीत आणण्यासाठी शेकडो लहानमोठे भाग राबत असतात. रोटरी एंजिनात हा पसारा नाही. दोन रोटरांच्या एंजिनात मुख्य हलते भाग तीनच असतात : दोन रोटर आणि त्यांच्याकडून फिरविला जाणारा एक दंड. हे कळल्यावर यंत्राची आवड असलेल्या एखाद्या तरुणास असे वाटणे स्वाभाविक आहे की, भाग जर तीनच, तर असे एंजिन आपणही घडवू शकू. परदेशातील हौशी कारागिरांनी स्वतःच्या कार्यशाळेत अशी एंजिने बांधल्याचे तो पाहतो आणि वडिलांकडे जुना लेथ घेण्यासाठी पैसे मागतो. प्रस्तुत लेखाचा हेतू त्यास परावृत्त करण्याचा नाही. मात्र पैसे खर्च होण्यापूर्वी त्याने, त्याच्या पालकांनी व शिक्षकांनी काही गोष्टी समजून घेणे इष्ट आहे. या एंजिनात भागांची संख्या कमी झाली, पण प्रत्येक भागाकडून अपेक्षित असलेली अचूकता वाढली. ती अचूकता हातात आल्याखेरीज लेथचा उपयोग नाही.

एंजिनाची रचना

रोटर म्हणजे फुगीर बाजूंचा एक त्रिकोण होय. तो ज्या पोकळीत फिरतो तिचा आकार दोन दाण्यांच्या भुईमुगाच्या शेंगेसारखा असतो. फक्त कमरेचा आवळ अगदीच थोडा. रोटरची तिन्ही टोके सदैव पोकळीच्या भिंतीस टेकलेली राहतात. त्यामुळे रोटर व भिंत यांच्यामध्ये तीन कप्पे तयार होतात. रोटर फिरू लागला की हे कप्पे आळीपाळीने मोठे व लहान होतात, आणि इंधनमिश्रित हवा आत घेणे, ती दाबणे, पेटविणे व जळका वायू बाहेर टाकणे या चारही क्रिया प्रत्येक कप्प्यात क्रमाने घडतात. हवा येण्याजाण्याची द्वारे रोटर स्वतःच झाकतो व उघडतो. म्हणून झडपा लागत नाहीत.

दंडावर मध्यापासून बाजूला सरकलेला एक जाड गोल भाग असतो. त्यास उत्केंद्री म्हणतात. रोटर या उत्केंद्रीवर बसतो. शिवाय रोटरच्या पोटात आतून दाते असलेले एक चक्र असते व ते बाजूच्या भिंतीवर पक्के बसविलेल्या लहान दंतचक्राभोवती फिरते. जपानच्या माझ्दा कंपनीच्या १३बी या प्रसिद्ध एंजिनात रोटरच्या चक्रास ५१ व स्थिर चक्रास ३४ दाते आहेत. म्हणजे प्रमाण ३ : २. याचा परिणाम असा की, रोटरचा एक फेरा पूर्ण होतो तोवर दंडाचे तीन फेरे होतात.

याच एंजिनाची उत्केंद्रता १५ मि.मी. आहे, रोटरच्या मध्यापासून टोकापर्यंतचे अंतर १०५ मि.मी. आणि रोटरची रुंदी ८० मि.मी. कप्प्याचे आकारमान काढण्याचे सूत्र सोपे आहे : तीन गुणिले तीनचे वर्गमूळ, गुणिले उत्केंद्रता, टोकापर्यंतचे अंतर व रुंदी. सेंटिमीटरमध्ये ५.१९६ × १.५ × १०.५ × ८ असा गुणाकार केल्यास सुमारे ६५४ घन सेंटिमीटर येतात. दोन रोटरांचे मिळून १,३०८. एंजिनाच्या पाटीवर हाच आकडा असतो.

विज्ञानशिक्षकांना ही रचना पुठ्ठ्यावर करून दाखविता येईल. ३० मि.मी. त्रिज्येची एक चकती फळ्यावर पक्की खिळावी. दुसऱ्या मोठ्या पुठ्ठ्यास ४५ मि.मी. त्रिज्येचे भोक पाडावे आणि त्या भोकाच्या मध्यापासून १०५ मि.मी. अंतरावर पेन्सिल खोवावी. हा पुठ्ठा चकतीभोवती न घसरता लोळवीत नेला की पेन्सिल पोकळीची वक्ररेषा काढते. कडांना पॉलिश कागदाची पट्टी चिकटविल्यास घसरण टळते. रेषा बरोबर आली असेल तर आकृतीची लांबी २४ सें.मी. व कमरेची रुंदी १८ सें.मी. भरते. विद्यार्थ्यांनी ती स्वतः मोजावी. यंत्रकामातील पहिला धडा, म्हणजे काढलेली वस्तू मोजून पाहणे, त्यांना येथेच मिळतो.

टोकपट्टीचा प्रश्न

फेलिक्स वांकेल यांचा जन्म १९०२ साली जर्मनीतील लार येथे झाला. त्यांचे अभियांत्रिकीचे रीतसर शिक्षण झालेले नव्हते. फिरत्या दट्ट्याच्या एंजिनाचे पहिले पेटंट त्यांनी १९२९ मध्ये मिळविले. परंतु पुढील अनेक वर्षे त्यांनी प्रामुख्याने एकाच गोष्टीचा अभ्यास केला : दोन हलत्या पृष्ठभागांमधून वायू निसटू नये यासाठी काय करावे. १९५१ पासून नेकारझुल्म येथील एन.एस.यू. कंपनीशी त्यांचा संबंध आला व १ फेब्रुवारी १९५७ रोजी पहिले एंजिन चालले. त्यात बाहेरचे कवचही फिरत असे. ते स्थिर ठेवून एंजिन सुटसुटीत करण्याचे काम त्याच कंपनीतील हान्स डीटर पाश्के यांनी केले. १९६४ मध्ये एक रोटर असलेली स्पायडर ही मोटार विक्रीस आली. रोटरी एंजिनाची बाजारात आलेली ही पहिलीच मोटार होय. त्यानंतर १९६७ मध्ये दोन रोटरांची आर.ओ. ८० ही मोटार आली.

आर.ओ. ८० मोटारीची वाखाणणी झाली, १९६८ सालचा युरोपातील सर्वोत्तम मोटारीचा मानही तिला मिळाला. आणि लवकरच एंजिने परत येऊ लागली. रोटरच्या प्रत्येक टोकाला खाच असते व त्या खाचेत एक पातळ पट्टी बसविलेली असते. कारखान्यात तिला अपेक्स सील म्हणतात. आपण टोकपट्टी म्हणू. ती झिजत होती. हमीच्या मुदतीत एंजिने बदलून देण्याचा भार कंपनीवर पडला आणि १९६९ मध्ये ती फोक्सवॅगनच्या समूहात विलीन झाली.

हिरोशिमाच्या टोयो कोग्यो कंपनीने, म्हणजे आजच्या माझ्दाने, एन.एस.यू.कडून परवाना घेतला होता. १९२० मध्ये बुचे बनविण्यासाठी निघालेली ही कंपनी १९२९ पासून यंत्रहत्यारे, म्हणजे यंत्रे घडविणारी यंत्रे, बनवीत आली होती. ही पार्श्वभूमी तिच्या उपयोगी पडली असावी असे प्रस्तुत लेखकास वाटते. १९६३ मध्ये केनिची यामामोटो यांच्या हाताखाली ४७ अभियंत्यांचा एक विभाग या कामास लावण्यात आला. काही तास एंजिन चालविले की आतील भिंतीवर आडवे ओरखडे उमटत. कामगारांनी त्यांना सैतानाच्या नखांचे ओरखडे असे नाव दिले होते. शोधाअंती असे आढळले की टोकपट्टी भिंतीवरून सरकताना कंप पावते आणि त्या कंपाच्या ठेक्यात भिंत खरवडते. प्रथम पट्टीस आडवी व उभी छिद्रे पाडून तिच्या कंपाची गती बदलण्यात आली. पुढे अ‍ॅल्युमिनियम मुरविलेल्या कार्बनची पट्टी वापरात आली. १९६७ च्या मे महिन्यात कॉस्मो स्पोर्ट ही मोटार विक्रीस निघाली. १९९१ मध्ये फ्रान्समधील ले माँ येथील चोवीस तासांच्या शर्यतीत चार रोटरांच्या एंजिनाची माझ्दा ७८७बी पहिली आली. जपानी कंपनीचा तो तेथील पहिला विजय होता. मोटार हाकणारे एंजिन म्हणून माझ्दाचा रोटरी २०१२ मध्ये आर.एक्स. ८ बरोबर थांबला. २०२३ पासून ८३० घन सें.मी.चा एक रोटर एका मोटारीत वीज निर्माण करण्यापुरता पुन्हा आला आहे.

एवढा इतिहास सांगण्याचे कारण असे की, वक्ररेषेचे गणित तर आधीच सुटलेले होते. अडले होते ते पट्टीच्या कडेशी. शिवाय नेहमीच्या एंजिनात एकाच जागी थंड मिश्रण येते व तेथेच ते जळते, त्यामुळे उष्णता वाटली जाते. रोटरीत मात्र कवचाची एक बाजू सदैव जळणाची व दुसरी सदैव थंड हवेची. कवच सर्वत्र सारखे फुगत नाही आणि अशा वेड्यावाकड्या फुगलेल्या भिंतीवरून पट्टीला सरकावे लागते.

काय करावे, काय विकत घ्यावे

ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, अमेरिका व प्वेर्तो रिको येथील हौशी व व्यावसायिक कारागीर तीन वा चार रोटरांची एंजिने स्वतः बांधतात, तेव्हा बहुधा ते रोटर व कवचे माझ्दाचीच वापरतात. कवच अ‍ॅल्युमिनियमचे असून त्याच्या आतील बाजूस पोलादी पत्र्याचे अस्तर व त्यावर कठीण क्रोमचा मुलामा असतो. संगणकनियंत्रित मिलिंग मशीनवर ती वक्ररेषा आज कोरता येते. पण मुलामा देऊन तो पुन्हा त्याच आकारात घासून आणणे हे लहान कार्यशाळेचे काम नव्हे. कवच, रोटर, टोकपट्ट्या व दंतचक्रे विकत घ्यावीत, असे आमचे स्पष्ट मत आहे. दंतचक्रांविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. ३४ दात्यांचे बाह्य चक्र विभाजनशीर्षावर कापता येते : ४० भागिले ३४, म्हणजे प्रत्येक दात्यास मुठीचा एक पूर्ण फेरा व १७ छिद्रांच्या वर्तुळावर तीन छिद्रे पुढे. सरावासाठी हा उत्तम जॉब आहे. परंतु ५१ दात्यांचे आतील चक्र त्या रीतीने होत नाही. त्यास दाते कापण्याचे वेगळे यंत्र लागते.

मग कारागिराने स्वतः काय घडवावयाचे? मुख्यतः दंड. प्रत्येक रोटरला स्वतःचे स्थिर दंतचक्र लागते. दोन रोटर असता ही चक्रे दोन टोकांच्या भिंतींवर बसतात. तिसरा रोटर आला की एक चक्र मधल्या भिंतीवर येते. दंडाचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग ४३ मि.मी. व्यासाचा, तर उत्केंद्री ७४ मि.मी.ची, ती त्या चक्रातून ओवणार कशी? म्हणून दंड तुकड्यांत करावा लागतो. माझ्दाने १९९० च्या आपल्या तीन रोटरांच्या २०बी एंजिनात हे तुकडे निमुळत्या जोडाने, म्हणजे एक टोक दुसऱ्याच्या निमुळत्या भोकात आवळून, जोडले. चार रोटरांचे एंजिन बांधणाऱ्यास असाच दंड, मधल्या भिंतींवर चक्र व बेअरिंग बसविण्याच्या जागा आणि थरांवर थर रचलेले हे सारे एंजिन आवळून धरणारे लांब बोल्ट घडवावे लागतात. खरी परीक्षा आहे ती या जोडाची. रोटर चार किलोचा धरला व दंड मिनिटास ८,००० फेरे करीत असेल, तर १५ मि.मी. बाजूला फिरणारा तो रोटर उत्केंद्रीस सुमारे सव्वाचार टन भाराने बाहेर ओढतो. जोडात किंचितही हालचाल असेल तर ती वाढतच जाते.

शिक्षणाचा क्रम

मिलीमीटरच्या शंभराव्या भागास आपण शतांश म्हणू. डोक्याच्या केसाची जाडी साधारणतः पाचसात शतांश असते. या एंजिनातील मापे दोनचार शतांशांत राखावी लागतात. कार्यशाळेत नव्याने येणाऱ्या मुलास हे सांगितले की तो मान डोलावतो. परंतु शतांश म्हणजे काय हे त्याला हातात कानस धरल्यावरच कळते.

म्हणून आरंभ कामाच्या टेबलापासून व्हावा. मऊ पोलादाचा ५० मि.मी. बाजूचा ठोकळा कानशीने सहाही बाजूंनी सपाट व काटकोनात करावा. गुण्या लावून उजेडासमोर धरल्यावर फटीतून प्रकाश दिसू नये. पहिल्या ठोकळ्यास पंधरा दिवस लागतात व तो बहुधा ५० चा ४६ होतो. मुले या कामाला कंटाळतात आणि पालक विचारतात की यंत्रे असता कानस कशाला. यंत्रावर झालेली चूक ओळखणारा डोळा कानशीच्या कामातच तयार होतो, हे त्याचे उत्तर आहे.

त्यानंतर लेथ. सुरुवातीस २०० मि.मी. लांबीचा साधा दंड दोन केंद्रांमध्ये धरून कातावा आणि दोन्ही टोकांचा व्यास मायक्रोमीटरने मोजावा. फरक दोन शतांशांहून अधिक आल्यास लेथचे मागचे डोके रेषेत नाही असे समजावे व ते जुळवावे. दुसरा दंड पुन्हा कातावा. आपल्या यंत्राचे दोष ज्याला ठाऊक आहेत त्याच्याकडून जुन्या लेथवरही चांगले काम होते.

मग निमुळते कातकाम. याची कसोटी सोपी व निर्दय आहे. निमुळत्या टोकावर लांबीच्या दिशेने प्रशियन ब्लू या निळ्या रंगाची बारीक रेघ ओढावी, ते भोकात हलक्या हाताने बसवून पाव फेरा फिरवावे व बाहेर काढावे. निळा रंग सर्व लांबीवर सारखा पसरलेला दिसला तर जोड बसला. केवळ जाड वा केवळ बारीक टोकाशी पसरला असेल तर कोन चुकला आहे, मग वस्तू दिसावयास कितीही चकचकीत असो. असे दहा जोड नीट जमेपर्यंत दंडाच्या महागड्या पोलादास हात लावू नये.

उत्केंद्री कातणे हा पुढचा टप्पा. चार जबड्यांच्या चकमध्ये जॉब १५ मि.मी. बाजूला सरकवून धरला की डायल गेजचा काटा एका फेऱ्यात ३० मि.मी. फरक दाखवील, पण नेहमीच्या डायल गेजची चाल १० मि.मी. एवढीच असते. शिकाऊ मुलगा येथे हमखास गोंधळतो. तेव्हा दंडाच्या दोन्ही तोंडांवर केंद्रांची छिद्रे आधी मिलिंग मशीनवर अचूक पाडून घेणे श्रेयस्कर. तीन रोटरांच्या दंडात उत्केंद्री परस्परांशी १२० अंशांनी, तर ७८७बी सारख्या चार रोटरांच्या दंडात ९० अंशांच्या अंतराने याव्या लागतात. तोंडावरील छिद्र चुकले तर पुढचे सारे चुकते.

दंडाचा पृष्ठभाग कठीण करून घेतल्यावर तो किंचित वाकतो. त्यानंतर ग्राइंडिंग मशीनवर अखेरचे माप आणावयाचे असते. शाणाचे चाक बसविण्यापूर्वी ते टांगून लाकडी दांड्याने हलके वाजवावे. खणखणीत नाद न आल्यास चाकात तडा आहे असे समजून ते टाकून द्यावे. येथे काटकसर जिवावर बेतू शकते. पृष्ठभाग कठीण करणे, अखेरचे ग्राइंडिंग व फिरत्या दंडाचा तोल साधणे ही कामे मजुरीवर बाहेरून करून घेण्यात कमीपणा नाही. बेळगावच्या उद्यमबाग परिसरात ओतकाम व यंत्रकामाचे अनेक कारखाने आहेत. अशा ठिकाणी आपला नकाशा घेऊन जाणे व कारागिराचे चार शब्द ऐकणे हाही शिक्षणाचाच भाग होय.

मोजमापाच्या बाबतीत आपल्याकडे एक विशेष अडचण आहे. मापे २० अंश सेल्सिअस तापमानास धरलेली असतात. उन्हाळ्यात पत्र्याच्या छपराखाली ३८ अंश असता १०० मि.मी.चा अ‍ॅल्युमिनियमचा भाग सुमारे चार शतांशांनी वाढलेला असतो. मोजणारा पोलादी मायक्रोमीटरही वाढतो, पण त्याच्या निम्म्यानेच. म्हणून दोन शतांशांची चूक राहते. पोलादी दंड पोलादी मापकाने मोजताना, दोन्ही एकाच तापमानास असतील तर, ही चूक जवळजवळ उरत नाही. नुकताच कातलेला गरम जॉब मात्र कधीही मोजू नये. अखेरची मापे पहाटे, जॉब व मापक रात्रभर एकत्र ठेवून घ्यावीत.

हे सारे शिकण्यास किती काळ लागतो? औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील टर्नर, मशिनिस्ट व फिटर हे तिन्ही अभ्यासक्रम प्रत्येकी दोन वर्षांचे आहेत व दहावी उत्तीर्ण विद्यार्थ्यास त्यांत प्रवेश मिळतो. त्यापुढे १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाखाली कारखान्यात उमेदवारी करता येते. एवढे झाल्यावर ज्याने कामात मन घातले असेल त्याने दंडास हात घालावा. तत्पूर्वी लेथ घेण्यासाठी कर्ज काढू नये. पंपाचे दंड, ट्रॅक्टरच्या पिना, गिरणीची बुशे अशी कामे त्याच्याकडे तोवर येऊ लागलेली असतील आणि लेथची किंमत त्यांतूनच निघेल.

एंजिन तयार झाल्यावर ते थेट मोटारीत घालून रस्त्यावर आणता येत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये वाहनाच्या एंजिनात बदल करावयाचा झाल्यास नोंदणी प्राधिकाऱ्याची मान्यता लागते. स्वतः घडविलेले एंजिन प्रथम पक्क्या चौकटीवर बसवूनच चालवावे, समोर जाड लोखंडी आडोसा असावा व इंधन तोडण्याची कळ दूर असावी.

ज्याला इतका दीर्घ प्रवास करावयाचा नाही, परंतु खऱ्या एंजिनात आपल्या हातचा एक तरी भाग असावा अशी इच्छा आहे, त्याच्यासाठी एक काम सुचवावेसे वाटते. १३बी एंजिनाचा दंड मागेपुढे किती सरकतो हे त्याच्या टोकास डायल गेज लावून पाहतात. हे अंतर ४ ते ७ शतांश असावे लागते. ९ च्या वर गेले तर चालत नाही. ते जुळविण्यासाठी पुढच्या बाजूस सुमारे ८ मि.मी. जाडीची एक पोलादी कडी असते आणि ती थोड्याथोड्या शतांशांच्या फरकाने निरनिराळ्या जाडीत मिळते. हवी ती न मिळाल्यास जाड कडी आणून ती सपाट ग्राइंडिंगवर घासावी. दोन्ही तोंडे एका शतांशात समांतर राहिली पाहिजेत, म्हणून चार ठिकाणी मोजावे, एक हलका हात फिरवावा, कडी थंड होऊ द्यावी आणि पुन्हा चार ठिकाणी मोजावे.